बंद केलेला सांधा

"डॉक्टर, म्हणजे हात आयुष्यभर असाच राहणार?"

मनगट जोडून टाकण्याचं ऑपरेशन सुचवलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारताना माणूस आपला दुसरा, धडधाकट हात पुढे करून फळीसारखा ताठ धरून दाखवतो. उत्तर 'हो' असंच आहे. सांध्याचं ऑपरेशन म्हटलं की तो मोकळा करायचा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गुडघा बदलतात, खुबा बदलतात, आखडलेला खांदा सोडवतात. इथे सगळंच उलटं. दुखत दुखत का होईना, पण थोडाफार हलणारा सांधा घ्यायचा आणि तो पुन्हा कधीच हलणार नाही अशी कायमची व्यवस्था करायची. वर त्या सांध्यात भरायला कंबरेचं हाड खरवडून द्यायचं ते वेगळंच.

हा सौदा कोणी का करावा, हे कळण्यासाठी आधी स्वतःच्या हाताशी थोडं खेळून पाहा. मनगट जितकं जाईल तितकं खाली वाकवा आणि तशीच मूठ आवळायचा प्रयत्न करा. आवळत नाही. बोटं अर्ध्या वाटेवर अडतात. आता मनगट किंचित मागे न्या आणि पुन्हा मूठ वळा. लगेच जोर येतो. लहान मुलाच्या मुठीतलं नाणं काढायचं असेल तर एकेक बोट उलगडत बसू नये, मनगट खाली दाबावं, मूठ आपोआप सैल पडते. कारण बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. त्यांचे दोर, म्हणजे कंडरा, मनगटावरून पुढे बोटांपर्यंत जातात. मनगट वाकलं की दोर ढिला पडतो आणि कितीही ओढला तरी पुरत नाही. मोजमापं घेतली तेव्हा मनगट साधारण ३५ अंश मागे असताना पकड सर्वांत घट्ट बसते असं दिसलं.

तेव्हा 'मनगटात जोर आहे' असं आपण म्हणतो ते शरीररचनेच्या दृष्टीने अर्धंच खरं. जोर कोपराखालच्या स्नायूंत असतो. मनगटाचं काम बोटांना योग्य जागी धरून ठेवण्याचं. बोटं मालक, मनगट गडी. गडीच रोज आजारी पडू लागला आणि मालकाला कामाला हात लावू देईना, की मग या ऑपरेशनची पाळी येते.

या गड्याची घडण मात्र भलतीच नाजूक. मनगट हा एक सांधा नाही. खड्यांएवढी आठ हाडं दोन ओळींत बसलेली असतात. त्यांच्या मागे हाताची दोन लांब हाडं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना. पुढे तळहाताची पाच. मागच्या ओळीतल्या हाडांची गंमत अशी की वाटाण्याएवढं एक हाड सोडलं तर त्यांतल्या एकालाही कोणता स्नायू थेट ओढत नाही. सकाळच्या लोकलमध्ये मधल्या जागेत अडकलेल्या माणसासारखी ती पुढचे ढकलतील आणि मागचे रेटतील तशी सरकतात. त्यांना धरून असतात ते आखूड, चिवट अस्थिबंध. एखादा बंध तुटला किंवा एखादं हाड खचलं की सगळी गर्दीच कलते.

खचणाऱ्या हाडांत पहिला मान स्कॅफॉइडचा. अंगठा वर ताणला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, एक खळगा पडतो. युरोपात लोक चिमूटभर तपकीर तिथे ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याचं नाव 'तपकिरीची डबी' असंच आहे. त्या डबीच्या तळाशी होडीच्या आकाराचं हे हाड असतं. त्याचा रक्तपुरवठा उलट्या दिशेने येतो. रक्तवाहिनी बहुतांशी बोटांकडच्या टोकातून शिरते आणि मागे वळते. क्रिकेट खेळताना किंवा गाडीवरून पडताना पोरगा हात टेकतो, हाड मधोमध मोडतं आणि मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. पहिल्या एक्स-रेत भेग पुष्कळदा दिसत नाही. 'मुरगळलंय' म्हणून लेप लागतो, क्रेप बँडेज बांधलं जातं, दुखणं ओसरतं. हाड मात्र धरलेलंच नसतं. काही वर्षांनी तोच पोरगा, आता संसारी झालेला, बादली उचलता येत नाही म्हणून येतो, तेव्हा आतली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत असतं. तपकिरीच्या डबीत दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे चांगला असला तरी प्लास्टर घालावं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढावा, हा जुना नियम. तो पाळला असता तर या प्रकरणातली निम्मी माणसं इथे आलीच नसती, असं मला नेहमी वाटतं.

बाकीचे रस्ते थोडक्यात सांगतो. संधिवात, म्हणजे ऱ्हुमटॉइडचा प्रकार, दोन्ही मनगटं पोखरतो. व्हिएन्नाचे क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट कीनबॉक यांनी १९१० मध्ये एक विकार नोंदवला, त्यात मधलं चंद्रकोरीसारखं हाड, ल्युनेट, आतून मरतं आणि चेपतं. आणि मोटारसायकलचे अपघात. खांदा एका बाजूला आणि मान दुसऱ्या बाजूला फेकली गेली की मानेतून हाताकडे येणाऱ्या नसांचा जुडगाच उपटतो. हात लुळा पडतो, मनगट लोंबकळतं. इथे मनगट जोडण्याचं कारण दुखणं हे नसतं. मनगट कायमचं स्थिर केलं की जे काही जिवंत स्नायू पूर्वी मनगट हलवत होते ते रिकामे होतात. त्यांचे दोर सोडवून बोटांना बांधता येतात. गड्याचा पगार वाचवून मालकाच्या पोटाला घालायचा, असा हा हिशेब.

या शस्त्रक्रियेची मुळं क्षयरोगात आहेत. मनगटाच्या पाठीवर मधोमध बोट फिरवलं तर एक छोटा उंचवटा लागतो, त्याला लिस्टरचं नाव आहे. हाच तो जोसेफ लिस्टर, ज्याने शस्त्रक्रियेत जंतुनाशकाची शिस्त आणली. १८६५ मध्ये त्याने 'लॅन्सेट' या नियतकालिकात सडलेलं मनगट कापून काढण्याची पद्धत लिहिली. तोवर अशा रुग्णाचा सहसा हातच तोडत. लिस्टरने फक्त किडलेली हाडं काढली आणि बोटांचे दोर शाबूत ठेवले. सांधा मुद्दाम जोडण्याची कल्पना पुढच्या दशकात व्हिएन्नाच्या एडुआर्ड आल्बर्ट यांनी लुळ्या पायांवर वापरली आणि ग्रीक शब्द जोडून तिला 'आर्थ्रोडेसिस', म्हणजे सांध्याचं बंधन, असं नाव दिलं. हलता सांधा क्षयाला पोसतो आणि न हलणारा शांत होतो, हा त्या काळचा अनुभव. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून कित्येक दशकं होती. १९१० मध्ये अमेरिकेतल्या एली यांनी क्षयाच्या मनगटात नडगीच्या हाडाची पट्टी बसवून ते जोडलं. पुढे पोलिओच्या लुळ्या हातांसाठीही तीच युक्ती वापरात आली.

नडगीची पट्टी कडक, चकचकीत, खुंटीसारखी. आधार उत्तम देते, पण धरायला महिनोन्महिने घेते. १९४२ मध्ये ॲबट, साँडर्स आणि बॉस्ट या सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींनी मनगटासाठी कंबरेच्या हाडातला मऊ, जाळीदार गाभा वापरावा असं मांडलं. आज जे केलं जातं त्याचं बीज तिथे आहे.

हा गाभा नेमकं काय करतो? बहुतेकांना वाटतं की हाडाचा तुकडा सिमेंटसारखा फटीत भरतात आणि तो सुकून घट्ट होतो. तसं नाही. 'ग्राफ्ट' या शब्दाला आपल्याकडे 'कलम' हा सुरेख प्रतिशब्द आहे, पण तोसुद्धा इथे फसवतो. हापूसच्या कलमात काडी जगते आणि पुढे शंभर वर्षं तिचाच आंबा येतो. हाडाच्या कलमात काडी बव्हंशी मरते. कंबरेतून निघालं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पृष्ठभागावरच्या काही पेशी आजूबाजूच्या द्रवावर तग धरतात, आतल्या मरून जातात. जर्मनीत आर्थर बार्ट यांनी १८९० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं तेव्हा पुष्कळांना ते रुचलं नव्हतं. मेलेल्या हाडाचा उपयोग काय, असं कोणालाही वाटेल. उपयोग मांडवाचा. त्या जाळीतल्या पोकळ्यांतून शेजारच्या जिवंत हाडातल्या केशवाहिन्या वेलीसारख्या शिरतात. त्यांच्याबरोबर दोन प्रकारच्या पेशी येतात. एक जुनं हाड खात पुढे सरकते, दुसरी तिच्या मागोमाग नवं हाड अंथरत येते. वेल मांडवभर पसरेपर्यंत मांडवच वेलीचा झालेला असतो.

पण नुसता मांडव म्हटलं तरी पुरं पडत नाही. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. हाडातले क्षार काढून टाकले आणि उरलेला चिवट सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर तिथे, जिथे हाडाचं नावही नसतं, नवं हाड तयार झालं. म्हणजे त्या मेलेल्या तुकड्यात काहीतरी आहे जे आसपासच्या साध्या पेशींना 'हाड व्हा' असं सांगतं. विरजणाचा एक थेंब आख्ख्या पातेल्याला दही करतो तसं. पुढे ती प्रथिनं वेगळी काढण्यात आली आणि आज बाटलीबंद मिळतात. महाग आहेत. रुग्णाचं स्वतःचं हाड मांडवही देतं, विरजणही देतं आणि थोड्या जिवंत पेशीही देतं, तेही फुकट. म्हणून अजूनही तेच पहिल्या पसंतीचं.

फुकट म्हणालो, पण त्याची किंमत कंबर मोजते. हाड घेतात ती जागा म्हणजे पोटाच्या खाली बाजूला हाताला लागणारी कड. परकराची नाडी नेमकी तिथेच बसते. पुरुषांच्या पँटचा पट्टाही तिथेच. एवढीशी चीर, पण रोज घासली जाते. जवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस आहे, ती दुखावली तर मांडीवर बधिर चकदळं पडतं. मनगटाचं ऑपरेशन झालेला माणूस पहिल्या आठवड्यात लंगडत येतो, याचं नातेवाइकांना फार आश्चर्य वाटतं. त्यामुळे अलीकडे शक्यतो कंबरेला हात न लावता रेडियसच्याच टोकातून गाभा काढतात, किंवा मनगटाची मागची ओळ काढून टाकायची असेल तर त्याच हाडांचा चुरा करून वापरतात. घरचंच साहित्य. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो.

प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये सर्वांत जास्त वेळ जातो तो काहीही जोडण्यात नाही, खरवडण्यात. दंडाला रक्त थांबवणारा पट्टा आवळलेला असतो. मनगटाच्या पाठीवर उभी चीर. लिस्टरच्या उंचवट्याला वळसा घालून अंगठ्याकडे जाणारा दोर आधी सोडवून बाजूला घेतात आणि मग तो उंचवटा छिन्नीने सपाट करतात, नाहीतर वर प्लेट बसत नाही. निघालेला तुकडा टाकत नाहीत, वाटीत जातो. सांधा उघडला की निरोगी भागातली कूर्चा ओल्या शिंपल्यासारखी निळसर पांढरी दिसते. झिजलेल्या भागात मात्र हाड उघडं पडून हस्तिदंतासारखं गुळगुळीत झालेलं. दोन्ही काढून टाकायची. निबलर नावाच्या पक्कडीने कुरतडत, चमच्यासारख्या धारदार क्युरेटने खरवडत, आतलं लालसर जाळीदार हाड दिसेपर्यंत. मोटरवर चालणारी बर फिरवली तर सहायक सतत सलाइन सोडत राहतो, कारण घर्षणाने हाड तापलं तर ते करपतं आणि करपलेलं हाड धरत नाही. एखाद्या कोपऱ्यात कूर्चेचा पापुद्रा राहिला तर तिथे सांधा जुळणार नाही. म्हणून इथे घाई करणारा माणूस नको.

वाटीतला गाभा ओल्या गॉजखाली झाकलेला असतो. डाळिंबाचे दाणे चेचून ठेवावेत तसा रंग. तो प्रत्येक फटीत दाबून बसवायचा. मग रेडियसपासून मधल्या बोटामागच्या तळहाताच्या हाडापर्यंत जाणारी प्लेट. ती आधीच थोडी वाकवलेली मिळते, कारण मनगट १० ते १५ अंश मागे आणि अगदी किंचित करंगळीकडे झुकलेलं ठेवायचं असतं. पकड घट्ट बसते तीच ही बाजू. रेडियसमध्ये साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू, तळहातात २.७ चे. प्लेट येण्याआधी जाड तारा किंवा सळया घालत, वर महिनोन्महिने प्लास्टर. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हेस्टिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दोन्हींची तुलना छापली. प्लेटने ९८ टक्के मनगटं जुळली, इतर पद्धतींनी ८२ टक्के. संधिवातात हाडं पोचट असतात, तिथे अजूनही बरेच सर्जन सळईला पसंती देतात.

बोटं दुसऱ्या दिवसापासून हलवायला लावतात. हे जितकं टाळाल तितकं ऑपरेशन वाया, कारण सगळा खटाटोप बोटांसाठीच होता. हाड साधारण दोन ते तीन महिन्यांत धरतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं उशिरा धरतं, कधी धरतच नाही. केशवाहिन्यांची वेल निकोटिनपुढे कोमेजते.

मग जगणं कसं होतं? पहिली सुखद गोष्ट म्हणजे तळवा वर-खाली फिरतो. कुलूप उघडता येतं, चमच्यातलं औषध सांडत नाही, वरणभाताचा घास तोंडाशी येतो. ही हालचाल मनगटाची वाटते, पण ती अल्नाभोवती रेडियस फिरण्याची, त्याचा सांधा वेगळा आणि तो शाबूत असतो. वाकड्या अडचणीच्या जागा मात्र अडतात. बरणीत हात घालणं, सोफ्याखाली गेलेली वस्तू ओढणं, स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळणं. जमिनीवरून उठताना तळवा टेकत नाही, मूठ टेकावी लागते. नमस्कार करताना छातीशी आडवे हात धरता येत नाहीत. त्या बाजूचं कोपर खाली पाडून दोन्ही तळवे जुळवतात, आणि काही महिन्यांत हे इतकं अंगवळणी पडतं की बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. सर्वांत अवघड प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. धुण्याचं काय? एका हाताचं असेल तर दुसरा हात शिकतो. दोन्ही मनगटं जोडायची वेळ आली तर मात्र जुन्या शिकवणीप्रमाणे एक मनगट मागे न नेता किंचित पुढे झुकवून ठेवतात, ते याच कारणासाठी. हे बोलायला डॉक्टर लाजला तर रुग्ण घरी जाऊन रडतो. म्हणून काही सर्जन आधी दोन आठवडे नुसतं प्लास्टर घालून पाठवतात. ताठ मनगट घेऊन राहून बघा, जमलं तर या. कोणी परत येऊन म्हणतो, दुखायचं थांबलं, हे असंच राहू द्या. कोणी प्लास्टर कापून टाकूनच येतो.

ज्यांना पूर्ण बंद नको त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. स्कॅफॉइड काढून टाकून उरलेल्यांतली चारच हाडं एकमेकांना जोडतात, साधारण निम्मी हालचाल राहते. किंवा फक्त मागची ओळ रेडियसला जोडतात. मग खिळा ठोकताना हातोडी मागे नेऊन पुढे आणण्याची जी तिरकी झेप असते ती बऱ्यापैकी टिकते, कारण ती दोन ओळींच्या मधून येते. कृत्रिम मनगटही आहे. बर्लिनच्या ग्लुक यांनी १८९० मध्येच हस्तिदंताचं बसवून पाहिलं होतं. आजची धातूची मनगटं कितीतरी सुधारली, तरी कुदळ मारणाऱ्या, पोती उचलणाऱ्या हाताला ती देऊ नयेत असंच बहुतेकांचं मत. स्क्रू ढिले पडतात. शेवटी पुन्हा जोडणीवरच यावं लागतं, आणि तेव्हा भरायला हाड उरलेलं नसतं.

हाड न उरण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जायंट सेल ट्यूमर. विशी ते चाळिशीतल्या माणसांत रेडियसच्या टोकाशी तो पोखरत जातो. कर्करोगासारखा सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी हाडाचा फुगा करतो. फार वाढला तर रेडियसचं टोक पूर्ण काढावं लागतं. ही पोकळी पायातल्या फिब्युलाने भरून काढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या शल्यचिकित्सकांनी २०१० मध्ये दुसऱ्या एका पद्धतीचे निकाल प्रसिद्ध केले. त्यात शेजारच्या अल्नाचंच टोक, भोवतालच्या मांसासकट, कापून बाजूला सरकवतात आणि मनगटाला जोडतात. मांस चिकटलेलं असल्यामुळे त्याचं रक्त चालू राहतं. इथे काडी मरतच नाही, खरंखुरं कलम. हात मनगटापाशी डमरूसारखा निमुळता दिसतो खरा, पण पायाला हात लावावा लागत नाही. त्याच संस्थेत १९८८ पासून ऊतीपेढीही आहे. दान केलेली हाडं तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. अशा हाडात जिवंत पेशी नसतात, मांडव मात्र तयार मिळतो.

वर्षाने एक्स-रे काढला तर रेडियस कुठे संपलं आणि मनगट कुठे सुरू झालं हे सापडत नाही. कंबरेचा चुरा तर ओळखूच येत नाही, त्याच्या जागी ताणाच्या दिशेने ओळीत लागलेलं नवं हाड असतं. फोटो खिडकीच्या उजेडात धरून हे दाखवावं, तर रुग्णाचं लक्ष स्क्रूंकडे.

"ही पट्टी कधी काढायची?"

टोचत नसेल, दोर घासत नसतील, तर काढायची गरज नाही.

"थंडीत गार पडते ना पण."

गार पडते, हे खरं आहे. हाताच्या पाठीवर कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच, आणि धातू कातडीच्या लगेच खाली असतो. थंडीत हातमोजा घालावा.

"आणि कंबरेचं?"

त्याला अजून दोन-चार महिने लागतील.